झूम एच१एन रेकॉर्डर: गिटारच्या सरावात कितपत खरं बोलतो?

नवी रचना बसवताना वाजवणाऱ्याचे कान हातांच्या कामात गुंतलेले असतात. कुठलं बोट उचलायचं, पुढची जागा कुठे, नख नीट लागतंय का, या धांदलीत खर्जाचा सूर अर्ध्यात तुटला हे कळतच नाही. म्हणून रेकॉर्डर. तो कितीही गोड वाजला तरी उपयोग नाही, आपण जे वाजवलं तेच त्याने परत द्यायला हवं. झूम एच१एन या कसोटीवर बराचसा उतरतो, पण तीन-चार कळी (बटणं) नीट लावल्या तरच. चुकीच्या कळी दाबून ठेवल्या तर हाच रेकॉर्डर सराईतपणे खोटं बोलतो.

यंत्राची ओळख थोडक्यात. २०१८ साली आलेला, जेमतेम ६० ग्रॅमचा प्लास्टिकचा रेकॉर्डर. डोक्यावर एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले दोन मायक्रोफोन, समोर छोटा पडदा, मोठं लाल बटण आणि इनपुटची ० ते १० आकड्यांची चकती. दोन ट्रिपल-ए बॅटऱ्यांवर साधारण १० तास चालतो. मायक्रो एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं चालतं, ते वेगळं घ्यावं लागतं. जास्तीत जास्त ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये नोंद होते. मागे ट्रायपॉडचा आटा आहे आणि एक इवलासा स्पीकर.

कसोटीसाठी स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांची 'लाग्रिमा' ही रचना सोयीची आहे. ती छोटी आहे, बहुतेक शिकणाऱ्यांच्या वाट्याला येते आणि चूक लपवायला तिच्यात जागाच नाही. तीन मात्रांचे आठ बार ई मेजरमध्ये, आठ बार ई मायनरमध्ये, दोन्ही दोनदा, मग मेजरचा भाग पुन्हा एकदा. एकूण ४० बार, म्हणजे १२० मात्रा. मेट्रोनोमच्या (लयीची टिकटिक देणाऱ्या यंत्राच्या) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, अशी वाजवली तर बरोबर दोन मिनिटं. प्रत्येक आठ बारांचा तुकडा २४ सेकंदांचा. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तुकड्यांची सुरुवात ०:००, ०:२४, ०:४८, १:१२ आणि १:३६ ला सापडायला हवी, आणि शेवट २:०० ला.

हे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवले की रेकॉर्डरच्या पडद्यावरचं घड्याळच लय तपासून देतं. मायनरचा एक तुकडा २८ सेकंदांचा भरला, तर २४ मात्रांना २८ सेकंद म्हणजे लय ५१ वर उतरलेली आहे. भावनेने सावकाश घेतलं असं वाजवताना वाटतं, पण मेजरला परतल्यावर लय पुन्हा ६० वर चढत असेल तर ती भावना नव्हे, अवघड जागी पाय अडखळलेला आहे. ठरवून घेतलेली सैल लय दोन्ही वेळा जवळपास सारखी भरते. अडखळणं दर वेळी वेगळं भरतं, एकदा २८, एकदा ३१. मायनरच्या दोन फेऱ्यांची वेळ ताडून पाहिली की यातलं कोणतं घडतंय ते लगेच उघड होतं.

आता कळींकडे. पडद्याखाली चार कळी आहेत: फॉरमॅट, लो कट, लिमिटर आणि ऑटो लेव्हल. एका दाबात चालू-बंद होतात, मेनूत शिरावं लागत नाही, ही या यंत्राची खरी सोय. धोकाही तोच. पिशवीतून काढताना एखादी दाबली गेली तर लक्षात येत नाही, म्हणून लाल बटण दाबण्याआधी पडद्यावर एक नजर टाकायची सवय लावून घ्यावी.

ऑटो लेव्हल बंद. याबाबत तडजोड नाही. ही सोय सभा-मुलाखतींसाठी बनवलेली आहे. बोलणारा हळू बोलला की आवाज वर उचलायचा, मोठ्याने बोलला की खाली दाबायचा. गिटारवर हेच घडलं की वाजवणाऱ्याने मेहनतीने केलेला मृदू-तीव्रतेचा खेळ सपाट होतो. लाग्रिमाचा मायनर भाग हळू वाजवला तरी रेकॉर्डिंगमध्ये तो मेजरच्याच उंचीला येऊन बसतो. शेवटचा सूर विरत जातो तेव्हा यंत्र त्याला हात देऊन वर ओढतं, त्याबरोबर खोलीतला पंखा आणि मायक्रोफोनची सळसळही वर येते. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, सुराची आस किती लांब टिकली! गिटारची आस तेवढीच आहे, लांबवली ती यंत्राने. उलट एखादा खर्ज चुकून धाडकन वाजला तर यंत्र तो दाबतं आणि पुढचे दोन-तीन सूर विनाकारण मवाळ ऐकू येतात. मग जे सूर ठीक वाजले होते त्यांच्यावर मेहनत घेतली जाते, आणि चुकलेला खर्ज तसाच राहतो.

लिमिटरचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. तो वरच्या टोकाशी पोचलेल्या आवाजालाच पकडतो, पातळी नीट ठेवली तर त्याला काम पडत नाही. बंदच असू द्यावा.

लो कट ही खालच्या सुरांना गाळणारी कळ. ८०, १२० आणि १६० हर्ट्झ असे टप्पे आहेत. गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार मोकळी (बोट न दाबता) वाजवली की ८२ हर्ट्झचा सूर येतो. म्हणजे १२० चा टप्पा खालच्या ई पासून सहाव्या तारेच्या सहाव्या पडद्यापर्यंतच्या (पडदा म्हणजे इथे गिटारच्या गळ्यावरची आडवी धातूची पट्टी) सगळ्या सुरांचा पाया कापतो. खर्ज पातळ ऐकू आला की शिकणारा अंगठ्याचा जोर वाढवतो, आणि प्रत्यक्ष खोलीत खर्ज ढोलासारखा दणाणायला लागतो. चूक कळीची, शिक्षा अंगठ्याला. रस्त्यावरच्या वाहनांची घरघर फारच असेल तर ८० चालेल, एरवी बंद.

फॉरमॅट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. मिनिटाला साधारण १७ एमबी जागा लागते, म्हणजे पूर्ण लाग्रिमा ३५ एमबीत मावते आणि ३२ जीबीच्या कार्डावर तीस तास बसतात. ९६ किलोहर्ट्झने जागा दुप्पट जाते आणि सरावाच्या कामी हाती काही जास्त लागत नाही. एमपी३ मध्ये थेट नोंद करू नये. पुढे तुकडे कापून पुन्हा एमपी३ केले की आवाजाचा दर्जा दोनदा उतरतो.

इनपुटची चकती हा या रेकॉर्डरचा सगळ्यात चांगला भाग. रचनेतला सर्वांत मोठा आवाज ज्या बारात आहे तो तीन-चार वेळा वाजवावा आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल अशी चकती लावावी. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. मग तो आकडा वहीत लिहायचा आणि रचना बसेपर्यंत हलवायचा नाही. चकती बोटाच्या धक्क्याने सहज फिरते, त्यामुळे तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावणं बरं. आकडा आणि अंतर दोन्ही कायम असतील तरच पहिल्या आणि चौथ्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगची तुलना करता येते. 'आता आवाज भरीव येतो' या वाक्याला त्याशिवाय अर्थ नाही.

अंतराचं गणितही याच कारणाने सांभाळायचं. मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला की गिटारकडून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ७० ते ८० सेंटिमीटर ही मधली जागा बरी. त्याहून जवळ गेलं तर नखांचा टकटक आणि श्वास पुढे येतात, लांब गेलं तर खोली जास्त आणि गिटार कमी. रोख आवाजाच्या भोकाकडे धरू नये. बहुतेक क्लासिकल गिटारींच्या पोटातल्या हवेचा अनुनाद १०० हर्ट्झच्या आसपास असतो, भोकासमोर तो फुगून येतो आणि सहाव्या तारेवरचे जी, जी शार्प हे सूर बाकीच्यांवर चढून बसतात. गळा जिथे पोटाला मिळतो, म्हणजे बाराव्या पडद्याकडे रोख ठेवावा. उंची छातीइतकी.

रेकॉर्डर टेबलावर आडवा ठेवणं ही सर्रास होणारी चूक. टेबलाचा पृष्ठभाग आवाज परत फेकतो आणि लाकडातून येणारा प्रत्येक धक्का, पायाने धरलेला ठेका, कागद उलटल्याची हालचाल, प्लास्टिकच्या अंगातून सरळ मायक्रोफोनमध्ये जाते. या यंत्राचं अंग हलकं आहे, धक्का पचवण्याची ताकद त्याच्यात नाही. हातात धरून तर मुळीच चालत नाही. साधा छोटा ट्रायपॉड लागतोच, त्याच्या पायांखाली घडी केलेला टॉवेल ठेवला की आणखी बरं. ट्रायपॉडची आणि खुर्चीची जागा जमिनीवर पट्टीने आखून ठेवावी.

हे सगळं जमलं की पहिल्या बारात खरी गंमत सुरू होते. लाग्रिमाच्या पहिल्या बारात चौथ्या तारेवर खर्ज आणि पहिल्या तारेवर धून अशी जोडी तीनदा वर सरकते. चौथ्या तारेवर दुसरा, चौथा, सहावा पडदा. पहिल्या तारेवर चौथा, पाचवा, सातवा. दोन जोड्यांच्या मध्ये दुसरी तार मोकळी वाजते. ऐकायला सोपं. पण ६५० मिलिमीटर स्केलच्या (म्हणजे मोकळ्या तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर मोजलं तर पहिल्या सरकण्यात खर्जाची जागा सुमारे ६३ मिलिमीटर पुढे जाते आणि धुनेची फक्त २९. दुसऱ्या सरकण्यात ५६ आणि ५३, जवळपास सारखं. म्हणजे पहिल्या वेळी हाताला सरकता सरकता आकसायचं असतं, दुसऱ्या वेळी आहे तो आकार नुसता पुढे न्यायचा असतो. चौथी तार तारेने लपेटलेली असल्याने तिच्यावर बोट घासलं की चर्र असा आवाज येतो. वाजवताना कान त्याकडे काणाडोळा करतात. हा रेकॉर्डर करत नाही, त्याच्या मायक्रोफोनमध्ये वरचे सूर चांगलेच स्पष्ट येतात.

यंत्रात आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करून ऐकायची सोय आहे, ती इथे वापरावी. अर्ध्या वेगाला चर्र नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळतं. ती मोकळ्या तारेच्या आधीच सुरू होत असेल तर खर्ज लवकर सुटतोय, म्हणजे चूक दुहेरी. मोकळ्या तारेच्या नंतर, पुढच्या जोडीच्या अगदी तोंडाशी येत असेल तर वेळ बरोबर आहे, फक्त बोट तारेवर दाबून ओढलं जातंय. उपाय ठरलेला: पहिल्या तारेवरचं बोट तारेला चिकटून सरकू द्यायचं, कारण ती नायलॉनची, गुळगुळीत आणि बिनआवाजी. चौथ्या तारेवरचं बोट मात्र आधी सरळ वर उचलायचं आणि मग पुढे न्यायचं. पहिल्या सरकण्यात खर्जाला वेगळं बोट वापरता आलं तर घासण्याचा प्रश्नच उरत नाही. ६० च्या लयीत मोकळ्या तारेचा सूर अर्धा सेकंद टिकतो, हात हलवायचा तो त्या अर्ध्या सेकंदाच्या शेवटी शेवटी. घासून गुळगुळीत केलेल्या खर्जाच्या ताराही मिळतात, त्यांनी चर्र कमी होते, पण सूर जरा मंद होतो आणि हाताची सवय तशीच राहते.

कमी वेगात ऐकताना एक पथ्य. वेग ताणला की प्रत्येक सुराची सुरुवात विस्कटते, नखाचा आवाज खरवडल्यासारखा येतो. सुराचा दर्जा त्यावरून ठरवायचा नाही, अर्ध्या वेगाला फक्त वेळ तपासायची. एकच बार परत परत फिरवून ऐकायचा असेल तर संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडणं जास्त सोयीचं. तिथे टेम्पो बदलण्याचा इफेक्ट वापरावा. वेगाचा इफेक्ट वापरला तर पट्टीही खाली उतरते.

मोकळ्या दुसऱ्या तारेचं प्रकरणही रेकॉर्डिंगमध्येच उघडं पडतं. मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा खणखणीत वाजते, त्यामुळे धून मागे आणि भरणा पुढे असा उलटा प्रकार होतो. हेडफोन लावून फक्त मोकळी तार मोजत ऐकावं. ती सहज मोजता येत असेल तर ती जास्त मोठी वाजते आहे.

हेडफोनशिवाय यातलं काहीच होणार नाही. मागचा स्पीकर केवळ नोंद झाली की नाही एवढं सांगायला आहे, त्यातून खर्ज जवळजवळ नाहीसा होतो.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे मायक्रोफोनची स्वतःची सळसळ. क्लासिकल गिटार मुळात हळू बोलणारं वाद्य, चकती वर न्यावी लागते आणि मग शांत जागी 'स्स' ऐकू येतं. सरावाच्या नोंदीला त्याने बाधा येत नाही. पण याच यंत्रावर प्रकाशित करण्याजोगं रेकॉर्डिंग करू म्हणणाऱ्याची निराशा होईल. बाहेरचा मायक्रोफोन जोडायला ३.५ मिलिमीटरचं एकच छिद्र आहे, स्टुडिओतले मोठे मायक्रोफोन थेट लागत नाहीत. यूएसबीचं टोकही जुन्या मायक्रो पद्धतीचं. बॅटऱ्या बराच काळ काढून ठेवल्या तर घड्याळ पुन्हा लावावं लागतं, आणि प्रगतीच्या नोंदीत तारीखच चुकली तर सगळा पसारा निरर्थक. यावर सोपी तोड अशी की प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तोंडाने बोलून ठेवायचं: तारीख, लय, कुठला भाग. त्यापाठोपाठ सहाही मोकळ्या तारा एकेकदा. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात. सूर बेसूर वाटला तर दोष बोटाचा की तारेचा हे या सहा सुरांवरून नंतर ताडता येतं.

फोन असताना वेगळं यंत्र का, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक फोन बोलण्याचा आवाज स्पष्ट यावा म्हणून स्वतःच पातळी वरखाली करतात आणि मागचा गोंगाट गाळतात, अनेकदा विरत जाणारा सूरही गोंगाट समजून गाळला जातो. ज्या फोनमध्ये किंवा ॲपमध्ये ही प्रक्रिया पूर्ण बंद करता येते आणि पातळी हाताने ठरवता येते, त्याच्या मालकाने हा रेकॉर्डर घ्यायची घाई करू नये.

याच कंपनीचा २०२४ मध्ये आलेला एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावणाऱ्या पद्धतीत) नोंद करतो. त्यात पातळीची चकती नाही, आवाज फुटायची भीतीही नाही आणि यूएसबी-सी आहे. नव्याने घेणाऱ्याने तो आधी पाहावा, पातळी विसरण्याचा स्वभाव असेल तर नक्कीच. मात्र ३२ बिटमुळे सळसळ जाते हा समज चुकीचा आहे. सळसळ मायक्रोफोनची आणि खोलीची, ती जशीच्या तशी नोंदली जाते. ज्यांच्याकडे एच१एन आधीपासून आहे त्यांनी केवळ सरावासाठी तो बदलण्याचं कारण दिसत नाही.

प्रगती दुसऱ्यांना ऐकवायची असेल तर आठवड्याला एकच नोंद निवडावी, आणि ती सर्वांत चांगली नसली तरी चालेल, ठरलेल्या दिवसाची असावी. दहा प्रयत्नांतला सरस तुकडा दाखवला की ऐकणारा कौतुक करून मोकळा होतो, बाकीच्या नऊ वेळी काय चुकलं ते कुणालाच कळत नाही. घुमारा भरू नये. पातळी वाढवायची तर सगळ्या नोंदींची सारख्याच प्रमाणात वाढवावी. व्हिडिओ हवा असेल तर फोनने चित्र घ्यावं, आवाज रेकॉर्डरचा लावावा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्ही जुळवणं सोपं जातं. आणि 'कसं वाटलं' असं मोघम विचारण्यापेक्षा '०:४८ ते १:१२ मध्ये खर्ज पूर्ण टिकतो का' असं विचारावं, म्हणजे उत्तरही तेवढंच नेमकं येतं. तारेगांच्या मूळ रचनांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे वाजवलेलं ऐकवायला आडकाठी नाही. आधुनिक संपादित प्रतीची छायाचित्रं सोबत जोडणं मात्र टाळावं, त्या प्रतीवर प्रकाशकाचा हक्क असू शकतो.